.१७७ एअर रायफलसाठी छर्रे: मी वापरलेल्या डब्या, आणि स्लगचं काय करायचं

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून आमच्या रेंजवर नवीन मुलं येतच आहेत, खूप छान वाटतं बघून, आणि प्रत्येक नव्या मुलाबरोबर आलेले आईबाबा थोड्या दिवसांनी मला एकच प्रश्न विचारतात की ताई छर्रे कुठले घेऊ, सगळ्यात अचूक डबी कुठली. काही जण तर स्वप्नील बालेवाडीला कुठलं ॲम्युनिशन वापरायचा तेच द्या म्हणतात. त्याचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशनचा, त्याला .२२ ची काडतुसाची रायफल लागते, हवेची नाही, त्यामुळे ते नाव १० मीटरवाल्या मुलाच्या काहीच कामाचं नाही. पण त्या लेव्हलच्या लोकांची एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून उचलावी अशी आहे, ती म्हणजे ते डबीवरच्या नावावर विश्वास ठेवून थांबत नाहीत, आपल्या नळीतून लॉट (एकाच वेळी बनलेल्या डब्यांचा गट) मारून बघतात आणि मगच साठा करतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. १० मीटरला मॅच रायफल असेल तर फ्लॅट हेडचे म्हणजे सपाट डोक्याचे ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे मॅच ग्रेड छर्रे घ्या, दोन कंपन्यांच्या दोनदोन हेड साईजच्या (डोक्याच्या व्यासाच्या) डब्या आणा, रायफल रेस्टवर म्हणजे टेकूवर ठेवून मारा, जी डबी तुमच्या नळीला जमते तिचाच लॉट वर्षभराचा घ्या. शेतावर, फार्महाऊसवर कागदावर किंवा डब्यांवर मारायचं असेल, २०-२५ मीटरच्या पुढे, तर गोल डोक्याचे. आणि स्लग, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखे भरीव छर्रे, निदान विनापरवाना .१७७ साठी, नको. का नको ते खाली सविस्तर लिहिलंय कारण हल्ली पोरं त्याच्याच मागे आहेत.

मी क्लबमध्ये .१७७ म्हणजे ४.५ मिमीची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल मारते, पीप साईट म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची, १० मीटर. आणि भावाकडे प्रिसिहोलची रायफल आहे, स्प्रिंगची ब्रेक बॅरल म्हणजे नळी मोडून भरायची, ती मुळशीकडच्या शेतावर असते, सुट्टीत तिकडे गेलं की मी तीही मारते. दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या रायफली, आणि दोघींना आवडणारे छर्रे पण वेगळे.

आधी १० मीटरला छर्ऱ्याकडून नक्की काय हवंय ते समजून घ्या, म्हणजे एवढी चिकित्सा कशाला असं वाटणार नाही. टारगेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, नऊची रिंग ५.५ मिमी, मग दर रिंगला ५ मिमी वाढत वाढत एकची रिंग ४५.५ मिमी. छर्रा स्वतःच ४.५ मिमीचा. भोकाची कड रिंगला लागली की वरचा पॉइंट मिळतो, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टारगेटच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत असला की दहा. इथपर्यंत सोपं वाटतं, पण आता सगळीकडे डेसिमल स्कोअरिंग, १०.० पासून १०.९ पर्यंत, आणि प्रत्येक पाव मिमीला ०.१ पॉइंट जातो. साठ शॉटची मॅच, जास्तीत जास्त ६५४. समजा खराब छर्ऱ्यामुळे मध्यापासूनचं अंतर सरासरी अर्धा मिमीने वाढलं, तर शॉटमागे ०.२, साठ शॉटला १२ पॉइंट. पोरगं पहाटे उठून बसने रेंजवर येतं, होल्डिंग म्हणजे रायफल स्थिर धरायचा सराव करतं, बॅलन्ससाठी जीव तोडून मेहनत करतं, आणि १२ पॉइंट डबीत हरवतात, आणि ते बिचारं समजतं की आपलाच ट्रिगर चुकतोय. हे मला बघवत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

आता छर्रा हातात घेऊन बघा, खरंच घ्या, भिंग असेल तर उत्तम. पुढचा भाग हेड, मधे बारीक कंबर, मागे पोकळ स्कर्ट. हेड नळीतल्या रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, उंचवट्यांवरून सरकतं, त्यामुळे छर्रा सरळ राहतो. मागून हवेचा दाब आला की पातळ स्कर्ट फुगून नळीला घट्ट बसतो आणि हवा पुढे निसटत नाही. मॅच छर्ऱ्याचं डोकं सपाट असतं म्हणून कागदात स्वच्छ गोल भोक पडतं, कडा फाटत नाहीत, पेपर टारगेटवर मोजायला हेच हवं. भिंगाखाली स्कर्टची कड बघितली की डबीची खरी लायकी कळते. चांगल्या डबीत कड सगळीकडे सारख्या जाडीची आणि आतला खळगा बरोबर मध्यभागी. स्वस्त डबीत कुठे कड आत वळलेली, कुठे हेडच्या बाजूला साच्याच्या जोडाची बारीक शीर उमटलेली, कुठे आत शिशाचा तुकडा चिकटलेला. अशी वळलेली कड एका बाजूने आधी हवा सोडते आणि तो छर्रा नळीतून बाहेर पडतानाच तिरका होतो. १० मीटर जायला त्याला सेकंदाचा विसावा हिस्सासुद्धा लागत नाही असं समजू नका हं, मॅच रायफलचा वेग साधारण १७०-१७५ मीटर प्रति सेकंद म्हणजे जवळपास ०.०६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो भरकटायचा तेवढा भरकटतो.

आता डब्या.

जर्मन कंपनी आरडब्ल्यूएसची आर टेन मॅच, रायफलसाठीची ०.५३ ग्रॅमवाली. पिस्तुलासाठी ०.४५ ची हलकी येते, दुकानात दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, वजन वाचून घ्या. क्वालिटी एकसारखी, डबी उघडली की निवडायला काही लागतच नाही, स्कर्ट एकूण एक नीट. माझ्या मॅच रायफलमधून रेस्टवर मारली की भोकं एकमेकांत मिसळून एकच थोडं मोठं भोक दिसतं. महाग आहे, आणि पुण्यात हव्या त्या हेड साईजमधे दरवेळी मिळेल असं नाही.

एच अँड एनची फिनाले मॅच, हेवी ०.५३ आणि लाईट ०.५१ ग्रॅम. हीसुद्धा जर्मन, कंपनी १८२५ पासूनची. माझी स्वतःची मॅच डबी हीच आहे, ४.५० हेडची हेवी. आर टेनपेक्षा ही चांगली असं मी अजिबात म्हणणार नाही, माझ्या नळीतून या साईजचा ग्रुप (एकत्र मारलेल्या भोकांचा पुंजका) अगदी थोडा जास्त गोल येतो आणि मुख्य म्हणजे बाजूला पडणारा एखादा फ्लायर येत नाही, एवढंच. आमच्याच क्लबमध्ये शेजारच्या पॉइंटवर उभी राहणारी मुलगी त्याच मॉडेलची रायफल मारते, आणि तिच्या नळीला आर टेन ४.४९ जास्त आवडते. दोघींनी डब्या अदलाबदल करून मारल्या आणि दोघींचेही ग्रुप मोठे झाले. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची रायफल असून. यावरून लक्षात घ्या की "अमुक रायफलला तमुक छर्रा" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने फार तर आपल्या एका नळीचं सांगितलंय.

आरडब्ल्यूएसचीच मायस्टरकुगेल्न, ती पण ०.५३ मधे मिळते, किमतीला आर टेनपेक्षा खाली. रोजच्या सरावाला मला ही फार आवडते. ज्यांची मुलं नुकतीच जिल्हा, राज्य स्पर्धांकडे वळतायत त्यांनी सराव मायस्टरकुगेल्नवर आणि मॅच वरच्या डबीवर असं केलं तर खर्च आवाक्यात राहतो. फक्त एक करा, दोन्हींचा झिरो, म्हणजे छर्रा बरोबर मध्यावर पडेल अशी साईटची सेटिंग, वेगळा येतो, साईटचे क्लिक वहीत लिहून ठेवा.

मग आपल्याकडच्या देशी डब्या, ज्या क्रीडा साहित्याच्या दुकानात सहज मिळतात आणि क्लबमध्ये नव्या मुलांना दिल्या जातात. सुरुवातीचे काही महिने, जेव्हा मुलगा उभं कसं राहायचं तेच शिकतोय, तेव्हा याच घ्या, उगाच महागड्या डब्या पुरवू नका. होल्ड आठच्या रिंगमधे फिरतोय तोवर छर्ऱ्यातला अर्धा मिमी दिसणारच नाही. ज्या दिवशी मुलगा शॉट सुटल्या सुटल्या स्वतः बरोबर सांगायला लागेल की हा उजवीकडे गेला, हा खाली, आणि मॉनिटरवर मात्र भलतीकडेच दिसेल, त्या दिवशी डबी बदला. आमचे कोच सर हाच नियम लावतात आणि मला तो एकदम पटतो.

शेतावरच्या स्प्रिंगच्या रायफलसाठी जेएसबीची एक्झॅक्ट, ८.४४ ग्रेन म्हणजे ०.५४७ ग्रॅम, गोल डोक्याची, चेक कंपनी. सपाट डोक्याचा छर्रा २०-२५ मीटरपुढे हवेच्या रेट्याने वेग फार पटकन गमावतो आणि पसरायला लागतो, गोल डोकं तिथे जास्त टिकतं. हिचं आणखी एक वजन १०.३४ ग्रेनचं आहे, आणि हलकी आरएस ७.३३ ची. स्प्रिंगच्या रायफलला मधलं वजन जास्त मानवतं असं माझं मत. फार हलका छर्रा पटकन निघून जातो आणि पिस्टनपुढे दाबाची गादीच उरत नाही, तो जाऊन आपटतो, हातात कळतं लगेच. फार जड घातला तर छर्रा हलायलाच वेळ लागतो, पिस्टन उलटा उसळतो आणि वेगही पडतो. ८.४४ वर रायफल शांत वाटते, ठाप्प असा एकच आवाज, स्प्रिंगची झणझण कमी.

हेड साईजबद्दल लोक खूप गोंधळतात. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं लिहिलेलं असतं, आणि हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आहे, तरी नळीला तो कळतो. हेड लहान पडलं तर छर्रा उंचवट्यांना नीट टेकत नाही आणि नळीत किंचित डुलत जातो. मोठं झालं तर घुसतानाच शिसं घासलं जातं, दाबलं जातं, वेग शॉटगणिक बदलतो. बोटाने छर्रा बसवताना मिळणाऱ्या विरोधावरून थोडा अंदाज येतो, सगळे छर्रे सारख्याच जोराने बसत असतील तर ती चांगली खूण, एक सैल एक घट्ट असेल तर तो लॉट बाजूला. पण शेवटचा निकाल कागदच देणार.

टेस्ट कशी करायची ते नीट सांगते कारण इथेच बहुतेक जण घाई करतात. उभं राहून मारून छर्रे टेस्ट होत नाहीत, तुमचं हलणं छर्ऱ्याच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं असतं. रायफल बेंचवर, पुढे वाळूची किंवा तांदळाची पिशवी, मागे छोटी पिशवी, खांदा सैल. स्प्रिंगची रायफल असेल तर नळी पिशवीवर टेकवायची नाही, पुढचा हात मधे ठेवून हातावर हलकी ठेवायची, दर वेळी त्याच जागी, कारण ती शॉटच्या वेळी पुढेमागे झटका खाते आणि तिला धरून ठेवलं की ती ग्रुप उघडते. डबी बदलली की पहिले दहाबारा छर्रे मोजायचे नाहीत, नळीत आधीच्या छर्ऱ्याचं शिसं आणि वंगण बसलेलं असतं, ते बदलायला तेवढे लागतात. नळीत फेल्टचे गोळे मारून साफ केली असेल तर आणखी थोडे जास्त. मग पाच पाचचे ग्रुप मारा, पण निर्णय दहाच्या ग्रुपवर घ्या. पाचाचा एखादा ग्रुप कुठल्याही डबीतून नशिबाने सुंदर येतो आणि लोक त्याचा फोटो काढून ठेवतात आणि तीच डबी घेतात. दहामधे फ्लायर लपत नाही. आणि फ्लायर "माझ्यामुळे गेला असेल" म्हणून सोडून देऊ नका, रेस्टवर असताना एकाच डबीतून तो पुन्हा पुन्हा येत असेल तर तो डबीचाच.

मोजायला साधा कॅलिपर पुरतो. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा. एका भोकाचा व्यास म्हणजे डोळे मिटून ४.५ धरू नका, कागद थोडा आखडतो, बाजूला एकटं भोक पाडून तेच मोजा आणि ते वजा करा. नवीन मॅच रायफलबरोबर फॅक्टरीचं टेस्ट कार्ड येतं, पाच छर्रे जवळपास एकाच भोकात, ते जपून ठेवा, तुमच्या नळीची ताकद काय आहे ते त्यावर दिसतं आणि तुमची डबी तिथपर्यंत किती पोचते ते ताडून बघता येतं.

वजन करायचं का, हा पण नेहमीचा प्रश्न. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा सोडाच, ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा पण उपयोगाचा नाही, कारण ०.५३ चा एक टक्का म्हणजे ५ मिलिग्रॅम, ते त्यावर उमटणारच नाही. ०.००१ वाचणारा हवा, सराफांकडे असतो तसला, रविवार पेठेत वजनकाट्यांच्या दुकानात विचारा. मी मॅच डब्यांचं वजन करणं सोडून दिलंय, एवढे सारखे निघतात की संध्याकाळ गेली तरी हाती काही लागत नाही. देशी डबीचं मात्र वजन करून गट पाडले तर ग्रुप खरंच लहान होतो, डोळ्यांना दिसेल इतका. आणि त्याच्याही आधी स्कर्ट बघणं, कारण वळलेला स्कर्ट वजनात पकडला जात नाही. मी एका पांढऱ्या ट्रेमधे डबी हलकेच ओतते, ट्रेवर एक फडकं, आणि तांदूळ निवडतो तशी एकेक ओळ बघत जाते. जेवणाचं ताट यासाठी कधीही घेऊ नका, हे शिसं आहे, ट्रे वेगळा, फडकं वेगळं, झालं की हात साबणाने. मुलांना छर्रे तोंडात धरायची सवय असते ना, हात मोकळा राहतो म्हणून, ती पहिल्याच दिवशी मोडा, इथे ओरडलं तरी चालेल.

आता स्लग. व्हिडिओ बघून पोरं येतात, शंभर मीटरवर बाटल्या फुटताना बघितलेल्या असतात, आणि म्हणतात .१७७ मधे स्लग घालू. स्लग म्हणजे कंबर आणि स्कर्ट नसलेला भरीव दंडगोल, बंदुकीच्या गोळीसारखा, .१७७ मधे साधारण १० ग्रेनच्या पुढचे. हवा कापण्यात ते छर्ऱ्यापेक्षा खूपच सरस, वाऱ्याने कमी ढकलले जातात, लांब पल्ल्यावर वेग धरून ठेवतात, हे सगळं खरं आहे, त्यात वाद नाही. पण छर्रा सरळ राहतो तो दोन कारणांनी, एक गिरकी आणि दुसरं म्हणजे जड हेड पुढे आणि हलका स्कर्ट मागे असल्यामुळे हवाच त्याला मागून ओढून सरळ ठेवते. स्लगला ती दुसरी मदत नाही, सगळी भिस्त गिरकीवर, म्हणजे रायफलिंगचा पीळ आणि वेग या दोन्हींवर. बऱ्याच एअर रायफलच्या नळ्यांचा पीळ साधारण ४५० मिमीला एक फेरा असा असतो, तो छर्ऱ्यांसाठी ठरवलेला. नळीच्या तोंडाशी बारीकसा चोक, म्हणजे किंचित अरुंद भाग, असतो तोही छर्ऱ्यांसाठी. त्यात स्लगचा पूर्ण अंगाचा संपर्क नळीशी, घर्षण जास्त, त्यामुळे साईज शंभराव्या भागात जरी चुकली तरी एकतर अडकतो नाहीतर सैल जातो.

आणि वेगाचा हिशोब तर तुम्हीच करून बघा. विनापरवाना मिळणारी .१७७ ची रायफल २० ज्यूल ऊर्जेच्या आतली. ०.५४७ ग्रॅमचा ८.४४ चा छर्रा पूर्ण २० ज्यूलने निघाला तर वेग येतो सेकंदाला २७० मीटरच्या आसपास. झकास. तेच २० ज्यूल १३ ग्रेनच्या, म्हणजे ०.८५ ग्रॅमच्या जवळपासच्या स्लगला दिले तर वेग उतरतो २१७ च्या आसपास. स्लगला चांगलं उडायला साधारण २६० ते २९० लागतो. म्हणजे पैसे स्लगचे, आणि मिळणार अर्धवट कामगिरी. स्प्रिंगच्या रायफलमधे तर घालायचा विचारच नको, पिस्टनला एवढं वजन झेपत नाही. कोणी म्हणेल मग पॉवर वाढवून घेऊ, गावाकडे कोणीतरी स्प्रिंग बदलून देतो. हे करू नका. २० ज्यूलच्या वर गेली की ती वेगळ्या कायद्यात जाते, परवाना लागतो, आणि घरातल्या पोराच्या नावावर असली भानगड कशाला. स्लग हे परवान्याच्या, जोरदार, समायोजन करता येणाऱ्या पीसीपीचं आणि मोकळ्या सुरक्षित रेंजचं काम आहे, तिथे ते खरंच सुंदर चालतात, .२२ आणि त्याच्या वरच्या बोअरमधे विशेष.

अजून एक, शेतावर मारणाऱ्यांसाठी. पक्षी, माकडं, खारी, यांच्यावर नाही म्हणजे नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि कायदा नसता तरी माझं मत हेच असतं. कागद लावा, मागे मातीचा बांध बघा, रस्ता आणि वस्तीकडे नळी कधीच नको. साधा ८.४४ चा छर्रासुद्धा शंभर मीटरच्या कितीतरी पुढे जातो.

दुकानाबद्दल पण सांगते कारण पुण्यात चांगलं दुकान मिळालं की अर्धं काम होतं. मी कॅम्पातल्या एका जुन्या दुकानातून घेते. मालक काका डबी काउंटरवर ठेवतात आणि मागचं स्टिकर स्वतःहून वाचून दाखवतात, हेड साईज, लॉट, जेएसबीची असेल तर डाय नंबर, म्हणजे साच्याचा नंबरसुद्धा. मी म्हटलं, "काका, याच लॉटच्या अजून किती आहेत?" तर आतून खोका आणून मोजून दाखवतात, आणि एक डबी घेऊन जा, मारून बघा, आवडली तर फोन करा, तोवर बाकीच्या बाजूला ठेवतो म्हणतात. या एका वाक्यासाठी मी कोथरूडहून कॅम्पात जाते, तेही शनिवारच्या ट्रॅफिकमधे. एरवी ऑनलाईन स्वस्त मिळतात, पण माझ्याकडे एका वेबसाईटवरून आलेली डबी वाटेत आपटून चेपलेली होती, वरून झाकण ठीक, आत एका बाजूचे सगळे स्कर्ट वाकडे, आणि परत घ्यायला त्यांनी चक्क नकार दिला. ऑनलाईन घ्यायचंच असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि मागवताना हेड साईज लेखी कबूल करून घ्या, "जी असेल ती पाठवतो" असं म्हणणाऱ्याकडून नको.

पावसाळ्यात पुण्याची हवा दमट, आणि शिशावर पांढरी भुकटी चढते. तसे छर्रे मारू नका, ती भुकटी नळीत जाते आणि हाताला लागते. डबी हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, कपाटात, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. डबी खिशात घालून टू व्हीलरवर न्यायची नाही, खड्ड्यांनी छर्रे आपसात आपटून स्कर्ट खराब होतात. जाड फोमचा तुकडा झाकणाखाली बसेल असा कापून घाला, हलायचं बंद. मॅचसाठी तेवढेच छर्रे छोट्या कप्प्यांच्या डबीत मोजून न्यायचे.

आणि लॉट. मॅच छर्ऱ्यांच्या डबीत साधारण ५०० असतात, मनापासून सराव करणाऱ्या मुलाच्या त्या बघता बघता संपतात, आणि पुढची डबी त्याच नावाची, त्याच साईजची, पण वेगळ्या लॉटची निघाली तर ती नवीन डबी समजून पुन्हा रेस्टवर मारायची. जगातले मोठे शूटर स्वतःची रायफल घेऊन छर्ऱ्यांच्या फॅक्टरीत जातात, तिथे वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. आपल्याला तेवढं शक्य नाही, पण ऐपतीप्रमाणे पाच सहा डब्या एकाच लॉटच्या एकदम घेणं शक्य आहे, दोनतीन पालकांनी मिळून खोका घेतला तर आणखी सोपं, फक्त आधी प्रत्येकाच्या रायफलमधून मारून बघा. राज्य स्पर्धा किंवा मावळंकर ही नेमबाजी स्पर्धा महिन्यावर आली की नवीन लॉट उघडायचाच नाही. मॅचच्या आधी साईटिंगला पंधरा मिनिटं मिळतात, ती मुलाला लाईट आणि स्वतःचा श्वास जमवायला लागतात, नवीन छर्ऱ्याचा झिरो शोधायला नाही.